हरल्यावर पक्ष कोणाच्या हातात जातो? अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्हांचं पुढे काय

वाटसरू (धागाकर्ता)

परवा, ४ नोव्हेंबर २०२५ ला, व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी, दोन्हीकडे गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने सपाटून मार खाल्ला. लगेच ठरलेले लेख सुरू झाले आहेत : कॉन्झर्व्हेटिव्हांनी आता काय करावं, मवाळ व्हावं की आणखी कडवं, ट्रम्प यांच्यानंतर कोण, वगैरे. प्रत्येक पराभवानंतर हे लेख येतात. लिहिणारे हुशार असतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्या सल्ल्याच्या नेमकं उलट घडतं. असं का होतं, यावर हा धागा. मी व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या उपनगरात, हेन्रायको काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहतो. या गोष्टीतला एक मोठा अंक आमच्याच मतदारसंघात घडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात २०१२ पासून करू. बेरोजगारी आठ टक्क्यांच्या आसपास असताना विद्यमान अध्यक्ष पुन्हा निवडून येणार नाही, अशी रिपब्लिकन नेत्यांची खात्री होती. निकालाच्या रात्री ओहायो राज्य ओबामांनी जिंकल्याचं फॉक्स न्यूजने जाहीर केल्यावर रिपब्लिकन रणनीतिकार कार्ल रोव्ह त्याच वाहिनीवर बसून त्याच वाहिनीशी वाद घालत होते. शेवटी राज्यवार मिळणारी इलेक्टोरल मतं : ओबामा ३३२, रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी २०६. लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मतदारांत रॉम्नींना जेमतेम २७ टक्के मतं.

मग पक्षाध्यक्ष रीन्स प्रीबस यांनी पाच जणांची समिती नेमली. मार्च २०१३ मध्ये शंभरेक पानांचा अहवाल आला, सगळे त्याला 'ऑटोप्सी' (शवविच्छेदन) म्हणायचे. त्यात धोरणाबद्दल फार काही नव्हतं, पण एक गोष्ट स्पष्ट होती : स्थलांतरितांच्या कायद्यात व्यापक सुधारणा करा, नाहीतर पक्षाचा मतदार आटत जाईल. जून २०१३ मध्ये सिनेटने तसं विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूरही केलं. चौदा रिपब्लिकन बाजूने. प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन बेनर यांनी मात्र ते मतदानाला घेतलंच नाही, चालढकल करत राहिले.

आणि जून २०१४ मध्ये आमच्या सातव्या मतदारसंघाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक झाली. एरिक कॅन्टर सभागृहातले बहुमताचे नेते, बेनर यांच्यानंतर सभापती होणार हे जवळपास ठरलेलं. समोर डेव्ह ब्रॅट नावाचे एका छोट्या कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. कॅन्टर यांच्या मोहिमेने पन्नास लाख डॉलरच्या आसपास खर्च केला, ब्रॅट यांच्याकडे दोन लाखांच्या घरात रक्कम. ब्रॅट यांनी प्रचारभर एकच सूर लावला, की कॅन्टर बेकायदा आलेल्यांना माफी देणार आहेत. निकाल : ब्रॅट ३६,१०५, कॅन्टर २८,९१२. मतदारसंघाची लोकसंख्या सात लाखांच्या वर, त्यात मत द्यायला आले ६५ हजार, आणि त्यांनी देशाचं स्थलांतर धोरण ठरवून टाकलं. त्या रात्रीनंतर विधेयकाचं नाव काढायची कोणाची हिंमत झाली नाही.

बरोबर एका वर्षाने अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर करायला ट्रम्प आपल्या इमारतीच्या सरकत्या जिन्यावरून खाली आले आणि अहवालात जे जे टाळा म्हटलं होतं ते सगळं पहिल्याच भाषणात बोलले.

माझं म्हणणं साधं आहे. हरलेल्या पक्षाची दिशा अहवाल, संपादकीय किंवा देणगीदारांच्या बैठकीत ठरत नाही. पराभवानंतर चिडून का होईना, जो मतदार पक्षात टिकून राहतो आणि प्रायमरीच्या रांगेत उभा राहतो, तो ती ठरवतो. पराभवाने दुखावलेला मध्यममार्गी माणूस घरी बसतो किंवा पक्ष सोडतो. कडवा माणूस तिथेच राहतो. त्यामुळे पराभवानंतर पक्ष मवाळ होईल ही अपेक्षाच मुळात उलटी आहे.

यातली गंमत म्हणजे त्या अहवालाच्या पाच लेखकांपैकी सॅली ब्रॅडशॉ यांनी २०१६ मध्ये पक्षच सोडला. आणि ब्रॅट? त्यांना २०१८ मध्ये आमच्याच मतदारसंघात अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर यांनी हरवलं. परवा व्हर्जिनियाच्या गव्हर्नर म्हणून निवडून आल्या त्याच या बाई.

मतभेद असतील तर लिहा. फक्त 'ट्रम्प चांगले की वाईट' यावर धागा भरकटवू नका, ही विनंती.

कोकणी_माणूस

छान लिहिलंय. आम्हा चिपळूणला बसून वाचणाऱ्यांसाठी एक शंका. पक्षाध्यक्षाला एखादा उमेदवार नको असेल तर तो तिकीट कापू शकत नाही का? आपल्याकडे दिल्लीहून यादी येते, ज्याचं नाव नाही तो दोन दिवस रुसतो आणि तिसऱ्या दिवशी बंडखोरी करतो. प्रीबस यांना ट्रम्प नको होते तर त्यांनी एबी फॉर्म दिला कशाला?

वाटसरू

नेमका मुद्दा पकडलात. इथे एबी फॉर्म हा प्रकारच नाही. काँग्रेसच्या बहुतेक जागांसाठी उमेदवार सरकारी यंत्रणेने घेतलेल्या प्रायमरीत सामान्य मतदार निवडतात. काही राज्यांत त्यासाठी पक्षाचा म्हणून नाव नोंदवावं लागतं. आमच्या व्हर्जिनियात तर पक्षनोंदणीच नाही, एका वेळी कुठल्याही एकाच पक्षाच्या प्रायमरीत कोणीही मत देऊ शकतो. पक्षाध्यक्ष फार तर वादविवादांचे नियम ठरवतो, निधी गोळा करतो आणि निकालानंतर विजेत्याच्या शेजारी उभा राहून हसतो.

२०१६ ला सतरा उमेदवार होते. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं मिळाली आणि तिथल्या नियमांमुळे अधिवेशनात उमेदवार ठरवणारे पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी त्यांच्या खात्यात गेले. दुसरे एक उमेदवार जेब बुश त्याच रात्री बाहेर पडले. त्यांच्या समर्थक गटाने दहा कोटी डॉलरहून जास्त उधळले होते. दोनतृतीयांश मतदारांना ट्रम्प नको होते, पण त्यांना दुसरा एकच माणूस हवा होता असंही नाही. पूर्ण प्रायमरीत मिळूनसुद्धा ट्रम्प यांची मतं ४५ टक्क्यांच्या आतच राहिली.

खडूस

म्हणजे अहवाल लिहिणाऱ्या बाई पक्षाबाहेर आणि अहवालात ज्याची भीती घातली होती तो दोनदा अध्यक्ष. छपाईचा खर्च वसूल करा म्हणावं.

जुनाजाणता

वाटसरू, तुमच्या विवेचनाला १९६४ शिवाय पाया नाही, म्हणून ती वीट मी लावतो.

रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर तेव्हा असे हरले की मोठमोठ्या लेखकांनी कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराचं श्राद्धच घातलं होतं. डेमोक्रॅट जॉन्सन यांना ६१ टक्के मतं, इलेक्टोरल मतं ४८६ विरुद्ध ५२. गोल्डवॉटर जिंकले फक्त सहा राज्यं : स्वतःचं अ‍ॅरिझोना आणि खोल दक्षिणेतली पाच. दक्षिण का मिळाली ते उघड आहे. त्याच वर्षीच्या, वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात त्यांनी सिनेटमध्ये मत दिलं होतं. हा डाग नंतर कधी पुसला गेला नाही आणि कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीचा इतिहास सांगताना तो वगळणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पण पराभवातून उरलं काय? एक म्हणजे निवडणुकीच्या आठवडाभर आधी टीव्हीवर गोल्डवॉटरसाठी भाषण करणारा एक उतरणीला लागलेला नट, रोनाल्ड रेगन. दोनच वर्षांत तो कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला. दुसरं म्हणजे नावांच्या याद्या. गोल्डवॉटरला छोट्या छोट्या रकमा पाठवणारे हजारो लोक होते, आणि पन्नास डॉलरच्या वरच्या देणगीदारांची नावं कायद्याने प्रतिनिधिगृहाच्या कार्यालयात कोणालाही पाहता यायची. रिचर्ड व्हिग्युरी नावाच्या तरुणाने तिथे बसून ती हाताने उतरवून काढली, साडेबारा हजार नावं. त्यातून टपालाने पैसे मागण्याचा उद्योग उभा राहिला. पुढची वीस वर्षं बंदुकीच्या हक्कापासून गर्भपातविरोधापर्यंत प्रत्येक चळवळ त्या पत्रांवर चालली. पक्षाच्या तिजोरीकडे तोंड वेंगाडायची गरजच उरली नाही.

मी १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात आलो तेव्हा प्रपोझिशन १३ ची धामधूम होती. घराच्या करावर मर्यादा घालणारा तो प्रस्ताव पुढाऱ्यांनी नाही, सह्या गोळा करणाऱ्या लोकांनी आणला आणि जून महिन्यात दणक्यात पास केला. दोन वर्षांनी रेगन ४४ राज्यं जिंकले.

तेव्हा तुमच्या मताशी सहमत, पण एक पुस्ती : राग असलेले लोक नेहमीच असतात. त्यांचा पत्ता ज्याच्याकडे असतो, त्याचा पक्ष होतो.

शून्य_प्रहर

काका, चांगली माहिती. पण तुम्ही दोघंही एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवताय. डेमोक्रॅटसुद्धा हरलेच की. १९८० ला हरले, १९८४ ला ४९ राज्यांत हरले, १९८८ ला परत हरले. त्यांच्याकडेही प्रायमरी आहेत, त्यांच्याकडेही चिडलेले कार्यकर्ते होते. तरी १९८५ मध्ये मध्यममार्गी गटाने डेमोक्रॅटिक लीडरशिप कौन्सिल काढली आणि १९९२ ला त्यातलाच क्लिंटन निवडून आणला. म्हणजे पराभवानंतर मध्याकडे येता येतं. 'प्रायमरीचा मतदार कडवा असतो' एवढ्याने रिपब्लिकनांचं कोडं सुटत नाही.

माझ्या मते फरक पराभवाच्या आकारात आणि त्याच्यानंतरच्या दोन वर्षांत आहे. बघा :

१९६४ ला चिरडले गेले, १९६६ ला प्रतिनिधिगृहात ४७ जागा वाढल्या. १९९२ ला बुश हरले, १९९४ ला रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांनी ५४ जागा मिळवल्या आणि चाळीस वर्षांनी बहुमत आणलं. २००८ ला मॅकेन हरले, २०१० ला ६३ जागा वाढल्या. २०१२ ला रॉम्नी हरले, २०१४ ला सिनेट हातात आलं.

आत्मपरीक्षणाला वेळच कुठे मिळाला? सत्तेवरच्या अध्यक्षाला मिडटर्ममध्ये (त्याच्या कारकिर्दीच्या मधल्या काँग्रेस निवडणुकीत) फटका बसतो हा इथला जवळपास नियम आहे. विरोधकांनी काहीही न करता जागा वाढतात, आणि मग जो सर्वांत मोठ्याने ओरडत होता तो म्हणतो, बघा, माझ्यामुळे! डेमोक्रॅटांना ओळीने तीन वेळा व्हाइट हाऊस गमवावं लागलं तेव्हा अक्कल आली. रिपब्लिकनांना २००८ आणि २०१२ असे दोनच झटके बसले, तेही फार मोठे नाहीत. रॉम्नी चार टक्क्यांच्या आत हरले होते.

वाटसरू

शून्य_प्रहर, हा मुद्दा मान्य आहे आणि माझ्या मूळ लेखात तो नव्हता. मात्र २०१० चं तुमचं चित्र अर्धं आहे. त्या वर्षी जागा वाढल्या हे खरं, पण काही जागा हकनाक गेल्याही. डेलावेअरमध्ये माइक कॅसल हे मवाळ आणि लोकप्रिय गृहस्थ सिनेटवर सहज गेले असते. प्रायमरीत त्यांना क्रिस्टीन ओडॉनेल यांनी पाडलं आणि नोव्हेंबरात त्या सडकून आपटल्या. नेवाडातही हॅरी रीड वाचले ते समोरच्या उमेदवारामुळे. २०१२ ला इंडियानात रिचर्ड लुगर यांना प्रायमरीत घरी पाठवलं, ती जागाही गेली. म्हणजे किंमत मोजावी लागली होती, दिसत होती, तरीही प्रायमरीचा मतदार बधला नाही. युटाच्या बॉब बेनेट यांचं उदाहरण घ्या. तीन वेळा सिनेटर, कुठल्याही मापाने कॉन्झर्व्हेटिव्ह. गुन्हा काय, तर २००८ च्या संकटात बँकांना वाचवायच्या ७०० अब्ज डॉलरच्या पॅकेजला मत दिलं. २०१० मध्ये राज्याच्या अधिवेशनातच त्यांचा पत्ता कट झाला.

हे लोक निवडणूक जिंकायला आले नव्हते, हिशेब चुकता करायला आले होते.

अर्धविराम

सगळे पक्षाबद्दल बोलताय. धाग्याच्या शीर्षकात कॉन्झर्व्हेटिव्ह आहेत. या दोन गोष्टी एक नाहीत आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

अमेरिकेतला युद्धोत्तर कॉन्झर्व्हेटिव्ह विचार हा तीन जणांचा एकत्र संसार होता : मुक्त बाजारवाले, धर्म-परंपरावाले आणि कम्युनिस्टविरोधी. १९५५ मध्ये विल्यम बकली यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' काढलं, त्या नियतकालिकाच्या अंगणात हे तिघं नांदले. फ्रँक मायर यांनी त्याला तात्त्विक जोड दिली. एकमेकांशी पटत नव्हतं, पण सोव्हिएत युनियन समोर होता तोवर कोणी वेगळी चूल मांडली नाही. १९९१ नंतर सासूच गेली. पुढच्याच वर्षी पॅट ब्युकॅनन विद्यमान अध्यक्षाविरुद्ध प्रायमरी लढले, ह्यूस्टनच्या अधिवेशनात संस्कृतीच्या युद्धाची भाषा केली. आयात माल नको, परदेशी युद्धं नकोत, सीमा बंद करा. ट्रम्प यांचा अख्खा जाहीरनामा १९९२ मध्ये तयार होता, फक्त विकणारा माणूस चुकीचा होता.

आता आजचा हिशेब मांडा. मुक्त व्यापार? २०२५ मध्ये सरसकट आयातशुल्क लावलं. सरकार लहान ठेवायचं? ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत सुमारे दहा टक्के मालकी घेतली. डेमोक्रॅट सरकारने हे केलं असतं तर 'समाजवाद' म्हणून छाती बडवली असती. २०१२ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन होते, त्यांची ओळखच मुळी मेडिकेअरची (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची) रचना बदलण्याच्या योजनेमुळे. तीन वर्षांनी ट्रम्प म्हणाले, मेडिकेअर आणि सोशल सिक्युरिटीला (सरकारी निवृत्तिवेतनाला) हात लावणार नाही. रांगेतले लोक त्यांच्याकडे गेले, कारण त्या रांगेत वयस्क मंडळी बरीच होती!

वाटसरूंच्या मुद्द्याला यातून पुष्टी मिळते, पण निष्कर्ष वेगळा निघतो. नेत्यांना वाटत होतं मतदार लहान सरकारसाठी येतोय. तो कधीच त्यासाठी येत नव्हता. पक्ष त्याच्या ताब्यात गेला तेव्हा हे उघडं पडलं, इतकंच. पक्ष २०१६ आणि २०२४ दोन्ही जिंकला. बकलींच्या घराण्याचं मात्र काय राहिलं? 'वीकली स्टँडर्ड' हे कॉन्झर्व्हेटिव्ह साप्ताहिक डिसेंबर २०१८ मध्ये बंद पडलं. स्तंभलेखक जॉर्ज विल यांनी २०१६ मध्ये पक्ष सोडला. लिझ चेनी, म्हणजे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांची मुलगी, २०२२ च्या प्रायमरीत वायोमिंगमध्ये पार धुऊन निघाली.

मेधा_एडिसन

तत्त्वज्ञान तुमचं चालू द्या, मी जर्सीची जमिनीवरची बातमी सांगते.

२०२४ मध्ये आमचं राज्य सगळ्यांना चक्रावून गेलं होतं. बायडेन सोळा टक्क्यांनी जिंकले होते तिथे हॅरिस जेमतेम सहाने. आपले लोकही बरेच सरकले होते. कार्नेगीच्या पाहणीत देशभरातले सुमारे साठ टक्के भारतीय अमेरिकन हॅरिस यांच्याकडे आणि तिशीच्या आसपास ट्रम्प यांच्याकडे होते, २०२० पेक्षा ट्रम्प यांचा आकडा बराच वर. कर, गुन्हेगारी, शाळांमधले वाद ही कारणं मी स्वतः मंडळाच्या जेवणावळीत ऐकलीत. 'आपले संस्कार त्यांच्याशीच जुळतात' हे वाक्य तर हमखास.

मग डिसेंबर २०२४ मध्ये एच-१बी व्हिसावरून इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी एका बाजूला, ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन वगैरे मंडळी दुसऱ्या बाजूला, असं जे जुंपलं ते सगळ्यांनी पाहिलं. यंदा, सप्टेंबर २०२५ मध्ये, नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क आलं. दिवाळीच्या शुभेच्छा देणाऱ्या, भारतीय वंशाचे रिपब्लिकन काश पटेल यांच्या पोस्टखाली त्यांच्याच पक्षाच्या समर्थकांनी काय लिहिलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. गेल्या वर्षी संस्कारांवर बोलणारे यंदा निवडणुकीच्या गप्पा निघाल्या की बासुंदीची चौकशी करतात.

माझा प्रश्न असा की अशी मतं 'परत' येतात म्हणजे नक्की काय होतं? जर्सीत गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅट उमेदवार मिकी शेरिल चौदाएक टक्क्यांनी जिंकल्या. त्यात माणसं खरोखर फिरली किती आणि घरी बसली किती?

टेक्सासकर

मेधाताईंनी विषय काढलाच आहे तर २०१३ च्या अहवालाचं दुसरं अंगही पाहू. अहवाल म्हणत होता, लॅटिनो मतं हवीत तर स्थलांतरावर मवाळ व्हा. झालं उलटं. धोरण कडक झालं आणि लॅटिनो मतं वाढली.

रिओ ग्रांदे नदीकाठची स्टार काउंटी घ्या, जवळपास सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची. २०१२ मध्ये ओबामांना तिथे ८६ टक्के. २०२० मध्ये बायडेन जेमतेम ५२. २०२४ मध्ये ट्रम्प जवळपास ५८. शंभराहून जास्त वर्षांत तिथे रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार जिंकला नव्हता! मी ह्यूस्टनचा, कामानिमित्त त्या बाजूला जाणं होतं. तिथे बॉर्डर पेट्रोलची नोकरी ही गावातल्या चांगल्या नोकऱ्यांपैकी एक. बाकी तेलाच्या विहिरींवरचं काम. डेमोक्रॅट तेलाबद्दल काय बोलतात ते टीव्हीवर दिसतं. त्यात अंडी, दूध, पेट्रोल महागलेलं. 'लॅटिनो म्हणजे स्थलांतराचा प्रश्न' हे समीकरण वॉशिंग्टनमध्ये बसून मांडलेलं होतं. पिढ्यान् पिढ्या इथे असलेल्या माणसाला कोणी कालच्या आलेल्याबरोबर मोजलं की राग येतो.

म्हणजे वाटसरू, प्रायमरीच्या मतदाराने अहवाल फेकून दिला ते चूक होतं असं तुमच्या लेखातून ध्वनित होतं. मतांच्या हिशेबात त्याचंच बरोबर ठरलं नाही का?

वाटसरू

टेक्सासकर, चूक-बरोबर मी म्हटलं नव्हतं, पण प्रश्न रास्त आहे. दोन गोष्टी सांगतो.

एक, २०१२ च्या पराभवानंतर तीनच आठवड्यांत एका मुलाखतीत रॉम्नी यांच्या 'स्वतःहून परत जा' धोरणाला वेडगळ म्हणणारे आणि त्याने लॅटिनो मतं गेली असं सांगणारे गृहस्थ म्हणजे खुद्द डोनाल्ड ट्रम्प. तेव्हा त्यांचाही निष्कर्ष अहवालासारखाच होता. पुढे त्यांनी तो बदलला, कारण त्यांनी अहवालापेक्षा सभेतल्या टाळ्या जास्त लक्ष देऊन ऐकल्या.

दोन, २०१६ चा विजय लॅटिनो मतांनी आला नव्हता. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतल्या मिळून ७८ हजारांच्या आतल्या फरकाने आला, आणि देशभरात हिलरींना २९ लाखांनी जास्त मतं होती. स्टार काउंटी नंतरची गोष्ट आहे, तिच्यात महागाईचा वाटा मोठा. महागाईने दिलेली मतं महागाई घेऊनही जाते. आमच्या बाजूला यंदा सरकारी नोकरकपातीचा फटका बसलाय, आणि वॉशिंग्टनला लागून असलेल्या उत्तर व्हर्जिनियात मतं कशी पडली ते पाहा.

अर्धविराम

एक राहिलं, आणि सध्या सर्वांत जास्त जळणारं तेच आहे. १९६२ मध्ये बकली यांनी जॉन बर्च सोसायटी या कडव्या कम्युनिस्टविरोधी संघटनेच्या प्रमुखावर जाहीर टीका केली. माजी अध्यक्ष आयझेनहॉवर कम्युनिस्टांचे हस्तक आहेत असं म्हणणारा माणूस आपल्या अंगणात नको, ही भूमिका. वर्गणीदार तुटले, देणग्या गेल्या, तरी केली. पुरेसं केलं का, वेळेवर केलं का, यावर वाद आहेत. पण दारात कोणीतरी उभं होतं.

आता गेल्या महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, फॉक्सचे माजी निवेदक टकर कार्लसन यांनी निक फुएन्टेस या उघड ज्यूद्वेष्ट्याची ऐसपैस मुलाखत घेतली. हेरिटेज फाउंडेशनचे अध्यक्ष केविन रॉबर्ट्स यांनी कार्लसन यांची पाठराखण करणारी चित्रफीत काढली. हेरिटेज म्हणजे १९७३ ची संस्था, रेगन यांच्या कारभाराचा आराखडा जिथून आला ती. आतूनच बोंबाबोंब झाल्यावर सारवासारव सुरू झाली. पक्ष हरला की जिंकला यापेक्षा हे भांडण मला महत्त्वाचं वाटतं. ट्रम्प २०२८ ला नसतील, अध्यक्षाला दोनदाच निवडून येऊ देणारी बाविसावी घटनादुरुस्ती आहे. त्यांच्या मागे जे उरेल त्यात कोणाला आत घ्यायचं हे सांगण्याचा अधिकार आज कोणाकडेच नाही.

खडूस

दारवानाची नोकरी रिकामी आहे, पगार कोण देणार तेवढं ठरायचंय.

कोकणी_माणूस

इतकं वाचून माझा तरी समज झाला की पराभवानंतर मवाळ गट कधीच जिंकत नाही. मग रेगन काय होते? ते तर सगळ्यांना आवडायचे म्हणतात.

जुनाजाणता

रेगन मवाळ नव्हते, हसतमुख होते. १९७६ मध्ये ते विद्यमान अध्यक्ष फोर्ड यांच्याविरुद्ध प्रायमरी लढले आणि कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात थोडक्यात हरले. फोर्ड पुढे कार्टरकडून हरले. तेव्हाही लेख आले होते, की कडव्यांनी पक्ष बुडवला, आता मध्यावर या. चार वर्षांनी कडवेच जिंकले.

मात्र आज रेगन उभे राहिले तर प्रायमरी जिंकतील का, मला शंका आहे. १९८६ मध्ये त्यांनीच सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. ब्रॅट यांच्या पत्रकात तो एक मुद्दा पुरला असता.

पुढचं विचाराल तर मी अजूनही याद्याच पाहतो. चार्ली कर्क यांच्या टर्निंग पॉइंट या तरुणांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह संघटनेने कॉलेजांतून जी पोरं गोळा केली, त्यांचे फोन नंबर कोणाकडे आहेत? सप्टेंबर २०२५ मध्ये युटात कर्क यांची हत्या झाल्यापासून संघटना त्यांच्या पत्नी चालवतात. २०२८ ला ट्रम्प यांचे उपाध्यक्ष व्हान्स असोत की आणखी कोणी, आधी तिथेच जावं लागेल. सल्ले देणारे लेखक तिथे फिरकत नाहीत. माझ्या ओळखीतल्या दोन जुन्या रिपब्लिकन मित्रांना मी विचारलं, पक्षाबद्दल एवढं वाईट वाटतं तर स्थानिक समितीच्या बैठकीला का जात नाही? म्हणाले, तिथे जाऊन बसवत नाही.

मेधा_एडिसन

काका, हे मात्र दोन्ही पक्षांना लागू. आमच्याकडे काउंटी कमिटीच्या जागा जूनच्या प्रायमरीत मतपत्रिकेवर असतात. कितीतरी जागांना उमेदवारच नसतो, चार-दोन मतांत माणूस निवडून येतो. आपल्या लोकांपैकी कोणी त्यासाठी अर्ज भरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. नोव्हेंबरात 'आय व्होटेड'चा स्टिकर लावून फोटो टाकतात, जूनमध्ये भारतवारी.

शून्य_प्रहर

म्हणूनच माझा पैजेचा विडा : २०२६ च्या मिडटर्मला रिपब्लिकन हरले तरी त्यांच्यात काहीही बदलणार नाही, कारण सत्तेवरचा पक्ष हरतोच असं म्हणून मोकळे होतील. २०२८ ला हरले तर बघू. तेही एकदा हरून भागायचं नाही.

वाटसरू

विडा उचलत नाही, कारण मलाही तसंच वाटतं. फक्त २०२६ मध्ये मी नोव्हेंबरपेक्षा आधीचे महिने पाहणार आहे. सुरक्षित रिपब्लिकन मतदारसंघांत आयातशुल्काच्या किंवा कार्लसन प्रकरणाच्या विरोधात बोललेला एखादा उमेदवार प्रायमरीत तरतो का, एवढंच. ओहायोत गव्हर्नरपदासाठी रामस्वामी उभे आहेत, ट्रम्प यांचा पाठिंबा आहे. तिथे प्रायमरीत त्यांच्या नावाबद्दल आणि धर्माबद्दल काय बोललं जातं आणि त्याचा मतांवर काही परिणाम होतो का, तेही बघण्यासारखं. मेधाताई, काउंटी कमिटीच्या अर्जाला सह्या किती लागतात आणि मुदत कधी संपते ते कळलं तर इथेच टाका. आणखी दोघांनी मला व्यनितून (खासगी निरोपातून) तेच विचारलंय.